बायोलॉजिकच्या आधी टीबीचा शोध

आमवाताच्या डॉक्टरांनी बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाच्या, इंजेक्शनचं नाव काढलं तेव्हा माझ्या डोक्यात आधी खर्च आला, मग पोटावर स्वतःच सुई टोचून घ्यायची भीती. टीबी कुठेच नव्हता. खोकला नाही, ताप नाही, वजन तर स्टेरॉइडच्या कृपेने वाढलेलं. तक्रार होती ती सांध्यांची. मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. सकाळच्या पहिल्या तासाला खडू धरता येत नाही, ही अवस्था मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि स्टेरॉइड एवढं सगळं घेऊनही सुधारत नव्हती. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन देऊ, पण लगेच नाही. आधी तुमच्या अंगात टीबी लपलाय का ते बघायचं. त्याला वेळ जाईल, आणि नक्की उत्तर मिळेलच असंही नाही."

नक्की उत्तर मिळणार नसेल तर तपासणी कशाला करायची, असा प्रश्न मी विचारला. गणिताची सवय. त्यांनी उत्तर म्हणून एक गोष्ट सांगितली.

आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते. त्यात टीएनएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. मला सुचवलेलं अडालिमुमॅब हे त्या प्रथिनाला अडवणारं औषध. अडचण अशी की शरीराला हेच प्रथिन एका फार महत्त्वाच्या कामाला लागतं. टीबीचे जंतू फुप्फुसात शिरले की पेशी त्यांच्याभोवती कडं करून त्यांना कोंडून ठेवतात. बहुतेक माणसांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. जंतू आत पडून राहतात, माणूस ठणठणीत राहतो, कुणालाही लागण होत नाही. संसर्ग झालेल्या धडधाकट लोकांपैकी शंभरात पाच ते दहांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष टीबी होतो. पण ते कडं टिकवायला टीएनएफ लागतो, आणि इंजेक्शनने तोच काढून घेतला की कडं ढासळायला लागतं.

हे कळलं तेही औषध बाजारात आल्यावर. २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इन्फ्लिक्सिमॅब या पहिल्या पिढीतल्या औषधानंतर टीबी झालेले ७० रुग्ण एकत्र मांडले. बहुतेकांना पहिल्या दोन-तीन डोसांतच आजार झाला होता. ७० पैकी ४० जणांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता आणि त्यातल्या १७ जणांच्या तो अंगभर पसरला होता. यातले ६४ रुग्ण टीबी फारसा नसलेल्या देशांतले होते. डॉक्टर म्हणाले, "तिथे ही गत, तर आपल्याकडे काय होईल ते तुम्हीच ठरवा." स्पेनमधल्या डॉक्टरांनी पुढे हिशेब मांडला तेव्हा दिसलं की आधीची चाळणी, म्हणजे टीबीची पूर्वतपासणी, नीट न लावलेल्या रुग्णांत टीबीचं प्रमाण नीट लावलेल्यांच्या सुमारे सातपट होतं. म्हणजे चाळणी अपुरी असली तरी ती लावायलाच हवी.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. लहानपणी बीसीजी घेतली होती का? दंडावर वण आहे. कधी टीबीची औषधं? नाही. घरात कुणाला? नाही. शेजारी, वर्गात, कामाच्या ठिकाणी? आठवत नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "घरात कुणाला नव्हता असं प्रत्येक जण सांगतो. आईला फोन करा."

मी बाहेरच्या बाकड्यावर बसून आईला फोन केला. आधी ती म्हणाली, आपल्याकडे कुणाला नव्हतं. मग थोडं थांबून म्हणाली, "अगं, तुझ्या आजोबांना होतं ते. शेवटी शेवटी. तू शिशुवर्गात असशील. रोज कंपाउंडर येऊन सुई टोचून जायचा, आठवत नाही का? त्यांच्याच खोलीत तर झोपायचीस तू." इतकी वर्षं हे कधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "तेव्हा आत्याची सोयरीक बघत होते. कोण बोलणार?"

आजोबा इचलकरंजीला यंत्रमागावर होते. खोकला त्यांना नेहमीचाच, तो सुताच्या धुळीचा असं आम्ही समजत होतो. रोज टोचली जायची ती सुई बहुधा स्ट्रेप्टोमायसिनची असणार. त्या काळच्या उपचारांत ती असायची आणि ती महिनोन्महिने घ्यावी लागे. डॉक्टरांनी माझ्या केसपेपरवर लाल शाईने एक ओळ लिहिली. पुढे किती तपासण्या झाल्या, पण निर्णयाच्या वेळी सगळ्यात जास्त वजन त्या ओळीचं पडलं.

त्याच विभागात एक निवासी डॉक्टर मुलगी एमडीच्या प्रबंधासाठी माझ्यासारखेच रुग्ण शोधत होती. रक्ताची तपासणी आणि त्वचेवरची नवी चाचणी, दोन्ही एकाच माणसावर करायच्या आणि स्टेरॉइडसारख्या औषधांनी किंवा आजाराने प्रतिकारशक्ती दबलेल्यांत त्यांचं किती जुळतं ते पाहायचं, असा तिचा विषय. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि संमतिपत्राची मराठी पानं तिने एकेक करून वाचून दाखवली. मी वाचू शकते असं सांगितलं तरी ऐकेना. "मॅडम, वाचून दाखवायचंच असतं. तुम्ही मध्ये थांबवून विचारायचं."

मी विचारलं. नाही म्हटलं तर माझ्या उपचारांत काही फरक? नाही. मधेच सोडलं तर? सोडता येतं, कारणही द्यावं लागत नाही. उरलेलं रक्त कुठे जाणार? प्रयोगशाळेत जपून ठेवणार, नावाऐवजी क्रमांक घालून, आणि दुसऱ्या कुठल्या संशोधनाला वापरायचं झालं तर आचारसमितीची परवानगी पुन्हा घेणार. पैसे? प्रवासखर्च तेवढा. एका कलमापाशी मी अडले. त्यात लिहिलं होतं की या अभ्यासाचा तुम्हाला थेट काही फायदा होईलच असं नाही. ती म्हणाली, "ते खरंच आहे, म्हणून लिहिलंय."

हे मला आवडलं. औषधांच्या आणि चाचण्यांच्या मोठ्या अभ्यासांतून प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांना बऱ्याचदा आधीच वगळतात, कारण आम्ही आलो की निकाल गढूळ होतो. धडधाकट माणसांवर घासून घेतलेली चाचणी मग आमच्यावर वापरली जाते, आणि ती आमच्यात किती चुकते हे कुणालाच पक्कं माहीत नसतं. माझ्यासारख्यांनी सही केली नाही तर ते कळणार कसं? मी सही केली. साक्षीदार म्हणून शेजारच्या रांगेतल्या एका मुलाच्या वडिलांनी केली. तो मुलगा डायलिसिसवर होता, मूत्रपिंड बसवण्याआधीच्या तपासण्यांसाठी आलेला. त्याच्याही यादीत टीबी होता. सरकारी मार्गदर्शक सूचनांत आम्ही एकाच यादीत आहोत: टीएनएफविरोधी औषधं घेणारे, डायलिसिसवाले, अवयवरोपणाच्या तयारीतले, सिलिकोसिसवाले (दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुसं खराब झालेले).

आधी रक्त, मग त्वचेची चाचणी, हा क्रम तिने कटाक्षाने पाळला. त्वचेखाली सोडलेल्या प्रथिनांमुळे नंतरच्या रक्ततपासणीचा निकाल फुगू शकतो, असं तिचं म्हणणं. या रक्ततपासणीला इग्रा म्हणतात. चार लहान नळ्या, प्रत्येकीत एक मिलिलिटर रक्त. राखाडी टोपणाची रिकामी, हिरव्या आणि पिवळ्या टोपणाच्या नळ्यांच्या आतल्या भिंतींना टीबीच्या जंतूची प्रथिनं लावलेली, आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत मायटोजेन, म्हणजे कुठल्याही जाग्या पेशीला डिवचेल असं रसायन. तंत्रज्ञाने नळ्या मोजून दहा-दहा वेळा हलवल्या, आतल्या भिंतीला सगळीकडे रक्त लागेल अशा. मग ३७ अंशांवर सोळा ते चोवीस तास. माझ्या पेशींची टीबीशी पूर्वी गाठ पडली असेल तर त्या प्रथिनं ओळखून इंटरफेरॉन गॅमा सोडतील, आणि यंत्र ते मोजेल. राखाडी नळीचा आकडा वजा केल्यावर ०.३५ किंवा त्याहून जास्त आलं तर साधारणपणे पॉझिटिव्ह.

म्हणजे ही चाचणी जंतू शोधतच नाही. टीबीची तुला ओळख आहे का, एवढंच ती माझ्या प्रतिकारशक्तीला विचारते. चोर येऊन गेला का हे पहारेकऱ्याला विचारायचं, आणि त्या पहारेकऱ्याला आपणच रोज झोपेची गोळी देतोय. निकाल यायच्या आधीच मला यातली मेख कळली होती, आणि निकालही तसाच आला: अनिश्चित. जांभळ्या नळीतल्या पेशीसुद्धा पुरेशा जाग्या झाल्या नव्हत्या. स्टेरॉइडचा डोस तेव्हा बराच होता. थोडा उतरवून पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा जांभळी नळी बोलली आणि टीबीच्या दोन्ही नळ्या गप्प राहिल्या. निगेटिव्ह.

त्यानंतर हातावरची चाचणी झाली. हातावर टोचायचं जुनं ट्यूबरक्युलिन, टीबीच्या जंतूंपासून काढलेला अर्क, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. टीबीचा जंतू शोधणाऱ्या कॉखने १८९० मध्ये ते टीबीचं औषध म्हणून पुढे आणलं, औषध म्हणून ते सपशेल फसलं आणि पुढे कातडीत टोचून गाठ मोजायच्या मांटूच्या पद्धतीने निदानाच्या कामाला लागलं. त्याचा आपल्या देशातला त्रास म्हणजे बीसीजी. लशीतला जंतू टीबीच्या जंतूचा इतका जवळचा नातलग की लस घेतलेल्याच्या हातावरही गाठ उठू शकते. प्रबंधात वापरलेली सायटीबी ही चाचणी त्यातून वाट काढते. तिच्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोनच प्रथिनं असतात, जी टीबीच्या जंतूत आहेत पण बीसीजीत नाहीत. हीच दोन प्रथिनं इग्राच्या नळ्यांतही असतात. मूळ संशोधन डेन्मार्कचं, उत्पादन पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटचं. जागतिक आरोग्य संघटनेने या जातीच्या चाचण्यांची शिफारस २०२२ मध्ये केली. इग्राला प्रयोगशाळा, उबवणी यंत्र, महागडे संच असं सगळं लागतं. हिला एक सुई, एक पट्टी आणि दोन दिवसांनी परत येणारा रुग्ण पुरतो. यातला शेवटचा घटक सगळ्यात अवघड, हे मला कोल्हापूर-पुणे प्रवासात कळलं.

हाताच्या आतल्या बाजूला ०.१ मिलिलिटर, कातडीच्या वरच्या थरात, मसुरीएवढा फुगवटा येईल असं. खाजवायचं नाही. ४८ ते ७२ तासांत वाचन. लाली मोजत नाहीत, हाताला कडक लागते ती सूज मोजतात. निवासी डॉक्टरने बॉलपेन कातडीवर टेकवून बाहेरून आत सरकवत आणलं. जिथे पेन अडलं तिथे खूण, मग दुसऱ्या बाजूने तसंच. नंतर तिच्या सहकाऱ्याने तेच केलं, तिची मापं न बघता आणि माझ्या रक्ताचा निकाल माहीत नसताना. एकाचं माप ६ मिलिमीटर, दुसऱ्याचं ८. या चाचणीत ५ किंवा अधिक म्हणजे पॉझिटिव्ह, मग माणूस कुठल्याही गटातला असो. दोघांच्या पट्टीत दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी निष्कर्ष बदलला नाही, पण ४ आणि ६ आलं असतं तर काय, हा प्रश्न मी विचारलाच. "म्हणून तर दोघं मोजतो, मॅडम," ती हसून म्हणाली. "तुमच्यासारखे पेशंट दोन-चार मिळाले तर माझं संख्याशास्त्राचं प्रकरण तुम्हीच लिहाल."

रक्त निगेटिव्ह, कातडी पॉझिटिव्ह. कुणाचं ऐकायचं?

घरी येऊन मी वहीत मांडलं. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या लोकांत संसर्गाचं प्रमाण सुमारे ३१ टक्के निघालं होतं. सोयीसाठी शंभरात तीस धरू. समजा, प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसांत रक्ततपासणी संसर्गाच्या शंभरातली साठच प्रकरणं पकडते. (हा आकडा माझा, उदाहरणापुरता.) मग तीसपैकी अठरा सापडतील, बारा निसटतील. संसर्ग नसलेले सत्तर जण तर निगेटिव्ह येणारच. एकूण निगेटिव्ह ब्याऐंशी, आणि त्यात बारा जण संसर्ग असलेले. म्हणजे निगेटिव्ह कागद हातात असूनही साधारण सातात एक जण लपलेला टीबी घेऊन फिरतोय. आता यात आजोबांच्या खोलीत झोपणारी मुलगी घाला, म्हणजे सुरुवातीचा तीसचा आकडाच वर सरकतो. बारावीला सशर्त संभाव्यता शिकवताना मी लाल-निळ्या चेंडूंची उदाहरणं देते. यंदा हे दिलं. पोरं पहिल्यांदाच उदाहरण संपल्यावर गप्प न बसता भांडली.

डॉक्टरांनी वही बघितली आणि म्हणाले, "आम्ही हे डोक्यात करतो, इतकं नीट नाही." छातीच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या टोकाला एक जुना व्रण आणि एक चुना धरलेली गाठ दिसत होती. आजार चालू असल्याचं काही नव्हतं. तरी तो पक्का वगळायचा होता, कारण चालू टीबीला प्रतिबंधाची अपुरी औषधं दिली तर जंतू औषधांना दाद देईनासे होण्याची भीती. थुंकी येत नव्हती, ती खारट वाफ देऊन काढली आणि ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवली. ही यंत्रणा गोव्यातल्या कंपनीची, बॅटरीवर चालणारी, म्हणून आता प्राथमिक आरोग्य केंद्रांतही दिसते. निगेटिव्ह आली. निर्णय झाला: प्रतिबंधक उपचार द्यायचे, आणि बायोलॉजिक त्यानंतर.

कुठले उपचार, यावर मात्र बराच खल झाला. एक रस्ता आयसोनियाझिडचा, रोज एक गोळी, सहा महिने. दुसरा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन यांचा एकत्र डोस, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. दुसऱ्याचा पुरावा २०११ च्या एका मोठ्या चाचणीतून आला होता. बारा डोस हे नऊ महिने रोज घेतलेल्या आयसोनियाझिडइतकेच प्रभावी ठरले, आणि ते पूर्ण करणारे लोकही जास्त निघाले. पण रिफापेंटिन यकृताला इतकं कामाला लावतं की स्टेरॉइड शरीरातून लवकर निघून जातं. म्हणजे सांधे पेटण्याची शक्यता. आयसोनियाझिड घ्यावं तर ते आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही यकृतावर भार टाकणारे, आणि तोही सहा महिने. मी लवकर संपणारा रस्ता घेतला, कारण सांध्यांचं दुखणं ओळखीचं होतं आणि त्याला तोंड देणं मला जमतं. यकृताशी खेळायची हौस नव्हती.

औषध खासगी दुकानात मिळेना. डॉक्टरांनी निक्षय या सरकारच्या टीबी-नोंदणीच्या पोर्टलवर नोंद केली आणि ते कोल्हापुरात सरकारी क्षयरोग केंद्रातून फुकट मिळालं. तिथल्या टीबी हेल्थ व्हिजिटर बाईंनी गोळ्या दाखवून समजावलं: एका वेळी तीन, भरल्या पोटी, ठरलेल्या वारी, सोबत बी-६ जीवनसत्त्व. लघवी नारिंगी होईल, घाबरायचं नाही. डोळ्यांतलं पाणीही रंगेल, लेन्स वापरत असाल तर डागाळतील. भूक मेली, उलटी झाली, डोळे पिवळे दिसले तर पुढचा डोस न घेता फोन करायचा. मी रविवार ठरवला. रविवारी आमच्याकडे मटण असतं, त्यामुळे भरल्या पोटाची काळजी नव्हती.

मग गल्लीतली आशाताई विचारपूस करायला दारात आली आणि अर्ध्या तासात सासूबाईंच्या कानावर बातमी गेली. त्यांनी माझं ताट-वाटी वेगळी काढली. रागाने काढली नाही, काळजीने काढली, आणि तेच जास्त लागतं. नवऱ्याने समजावलं, मी समजावलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी आशाताईनेच ओट्यावर बसून सांगितलं, "आजी, वहिनींना टीबी झालेला नाही. होऊ नये म्हणून गोळ्या आहेत. यांच्यापासून तुम्हाला काही होत नाही. आणि तसं बघायला गेलं तर तुमच्याही अंगात असेल तो झोपलेला, तुमच्या वयाच्या कितीतरी जणांच्या असतो." हे ऐकून सासूबाईंनी ताटं परत एकत्र केली. त्यामागचा त्यांचा तर्क काय होता ते मी विचारलं नाही.

सांधे पेटले. तिसऱ्या-चौथ्या डोसानंतर मनगटं इतकी सुजली की दाराची कडी उघडताना डोळ्यात पाणी यायचं, आणि ते पाणीही फिकट नारिंगी. डॉक्टरांनी स्टेरॉइड थोडं वाढवलं. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या त्रासाचा रक्तातला आकडा, वाढलं तेव्हा मेथोट्रेक्सेट काही काळ बंद झालं. टीबीची औषधं मात्र चालू राहिली, कारण आकडा सामान्य कमाल मापाच्या पाचपटीच्या मर्यादेच्या बराच खाली होता आणि मला कसली लक्षणंही नव्हती. लक्षणं असती तर मर्यादा तिपटीची. डोस घेतलेल्या रात्री अंग मोडून यायचं, फ्लू झाल्यासारखं. सोमवारी सकाळी ते गेलेलं असायचं. मी सोमवारचा पहिला तास सहकाऱ्याला देऊन टाकला.

हे चालू असतानाच बाकीची यादी उरकली. हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या, कारण तोही विषाणू यकृतात लपून बसतो आणि प्रतिकारशक्ती दबली की डोकं वर काढतो. हिपॅटायटिस सी, एचआयव्ही. सगळं निगेटिव्ह. न्यूमोनियाची लस, फ्लूची लस, नागिणीची नवी लस. नागिणीच्या लशीची किंमत ऐकून नवरा म्हणाला, नागीण परवडली. ती घेतली, कारण बायोलॉजिकनंतर लशीचा जोर कमी पडतो आणि जिवंत जंतूंच्या लशी तर घेताच येत नाहीत. नागिणीची नवी लस जिवंत जंतूची नसते, म्हणून ती नंतरही चालते, पण आधी घेतलेली बरी. गावाकडे गेल्यावर धारोष्ण दूध बंद, हे मात्र सोप्या भाषेत आणि दोनदा सांगण्यात आलं.

बायोलॉजिकचा पहिला डोस शेवटच्या रविवारनंतर मिळाला. खरं तर प्रतिबंधक उपचार सुरू होऊन किमान महिना झाला की इंजेक्शन सुरू करता येतं, पण माझं यकृत कुरकुरत होतं म्हणून डॉक्टरांनी सगळा कोर्स संपू दिला. अडालिमुमॅब दर दोन आठवड्यांनी. भारतीय कंपन्यांची जैवसमरूप, म्हणजे मूळ बायोलॉजिकसारखीच, औषधं २०१४ च्या अखेरीपासून आल्याने ते निदान विचारात घेण्याइतकं स्वस्त झालंय. पहिल्यांदा नर्सने टोचलं, नंतर मी. खडू आता दिवसभर धरता येतो.

टीबीची चाचणी पुन्हा करायची का, असं मी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. प्रतिबंधक उपचारांनंतरही हातावरची चाचणी पॉझिटिव्ह राहू शकते, आणि त्यातून औषध लागू पडलं की नाही हे कळत नाही. यापुढे लक्षणांवर नजर ठेवायची. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, संध्याकाळचा ताप, विनाकारण घटलेलं वजन, मानेत किंवा काखेत गाठ, यातलं काहीही झालं तर इंजेक्शन थांबवून फोन. माझ्या आईलाही एकदा एक्स-रे काढायला नेलं. ती आजोबांची शुश्रूषा करत होती. तिचा एक्स-रे स्वच्छ आला. आत्याला सांगायचं की नाही यावर तिचा अजून विचार चालू आहे.

निवासी डॉक्टरचा प्रबंध अजून जमा व्हायचाय. तिचे रुग्ण पुरे झालेत, आता आकडेमोड चालू आहे. रक्त आणि कातडी यांचं न जुळणारी मी एकटीच नाही, एवढंच तिने फोनवर सांगितलं, आणि त्यापुढे काही सांगायला तिच्या मार्गदर्शकांची मनाई आहे. तिने कापा नावाचं संख्याशास्त्रीय मोजमाप वापरलंय, दोन चाचण्यांची सहमती योगायोगापलीकडे किती आहे हे बघायला. त्यावर आमचा बराच वेळ वाद झाला. माझं म्हणणं, दोन्ही चाचण्या एकाच दबलेल्या प्रतिकारशक्तीला विचारतात, तर दोघींचं जुळलं म्हणून दोन्ही बरोबर कशा? ती म्हणाली, हे मर्यादांच्या परिच्छेदात लिहिते.

माझी पुढची भेट फ्लूच्या लशीच्या वेळेस आहे. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झालंय, आणि लस घेतल्यावर ते दोन आठवडे थांबवलं तर लशीचा परिणाम वाढतो असं अभ्यासांत दिसलंय. डॉक्टर म्हणतात, सांधे शांत असतील तरच थांबवू. मनगटं सध्या शांत आहेत.